माणूस डोंबिवलीत, पुरावा समुद्रापार

आमच्या मामांना आरोपी हवा असतो आणि वहिनीला पोस्ट गेलेली हवी असते. मामांनी उभं आयुष्य कल्याणच्या कोर्टात फौजदारी वकिली केली. वहिनी ऐरोलीच्या एका कंपनीत रात्रपाळीला जाते. कुठल्या तरी दूरदेशच्या ॲपवर लोकांनी रिपोर्ट केलेल्या पोस्ट एकामागून एक तिच्यासमोर येतात, आणि कुठली ठेवायची, कुठली उडवायची हे तिला ठरवावं लागतं. मामांपर्यंत गुन्हा पोहोचायचा तो आरोपपत्राच्या रूपात, शिळा होऊन. वहिनी तो घडत असताना बघते. दोघांचं जमत नाही ते यामुळेच, असं मला वाटतं.

वादाचं निमित्त असं. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) डोंबिवली पूर्वेची एक मुलगी मेलबर्नला शिकते. तिच्या नावानं कुणीतरी खोटं खातं उघडलं. त्यावर दिवाळी पहाटेचे, फडके रोडवरचे तिचे साडीतले फोटो, खाली तिचा खरा नंबर आणि इथं लिहिता येणार नाही असा मजकूर. दोन फोटो मॉर्फ केलेले. त्या खात्यावरून तिच्या तिकडच्या वर्गमित्रांना मेसेज गेले, आणि इकडे आईच्या भिशीतल्या बायकांनाही. आईवडील सल्ल्याला आले ते मामांकडे. वहिनी नेमकी घरात होती.

मामा: सगळ्यात आधी एफआयआर. मुलगी परदेशात आहे, गुन्हा कुठं घडला कोण जाणे, असलं काही कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही. आयटी ॲक्टचं कलम ७५ काय म्हणतं? गुन्हा भारताबाहेर घडला, करणारा परदेशी असला, तरी त्यात भारतातला संगणक गुंतलेला असेल तर आपला कायदा लागू. भिशीतल्या बायकांचे फोन डोंबिवलीतच आहेत ना! नव्या न्याय संहितेतही तशी तरतूद आहे. आणि हद्दीचं म्हणाल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर होतो. मेलनं कळवलं तरी चालतं, तीन दिवसांत सही करायची.

वहिनी: आणि मुलगी सही करायला मेलबर्नहून येणार?

मामा: तिनंच यायला हवं असं नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुणीही देऊ शकतो. वडील देतील.

वहिनी: देऊ देत. पण मामा, तुमची खबर लिहून होईपर्यंत ते दोन फोटो किती फोनमध्ये उतरलेले असतील, याचा हिशोब तुमच्या कुठल्या कलमात आहे? २०२१च्या आयटी नियमांत एक सोपी गोष्ट आहे. नग्न किंवा तसे मॉर्फ केलेले फोटो असतील तर तक्रार आल्यापासून काही तासांत कंपनीनं ते हटवायचे. त्याला एफआयआर लागत नाही, कोर्ट लागत नाही. शिवाय मुलगी ऑस्ट्रेलियात आहे. तिथं ई-सेफ्टी कमिशनर म्हणून स्वतंत्र कार्यालयच आहे. असल्या फोटोंची थेट तक्रार घेतात आणि कंपनीला हटवण्याची नोटीस देतात, २४ तासांच्या मुदतीची.

मामा: म्हणजे पोस्ट गेली, माणूस मोकळा. उद्या तो दुसरं खातं काढेल.

वहिनी: काढेलच. परवा तिसरं.

मामा: मग?

वहिनी: मग तेही हटवायचं. मी रोज तेच करते.

हे तिनं इतक्या सपाट आवाजात सांगितलं की मामांना पुढचा प्रश्न सुचायला वेळ लागला. मला विचाराल तर इथं दोघंही अर्धेच बरोबर होते. वहिनीच्या धंद्यात माणूस दिसतच नाही, खातं दिसतं. मामांच्या धंद्यात माणूस दिसतो, पण तोवर बराच काळ उलटलेला असतो. छळ सोसणाऱ्या मुलीला दोन्ही हवं असतं, आणि त्याच रात्री हवं असतं.

मामांनी मग खरा विषय काढला. खातं कुणी उघडलं हे कंपनीला माहीत असतं, आणि कंपनी कॅलिफोर्नियात.

मामा: डोंबिवलीतल्या मानपाडा पोलीस ठाण्याच्या निरीक्षकानं कंपनीला पत्र पाठवलं, तर काय मिळतं?

वहिनी: खातं कधी उघडलं, कुठल्या मेलवरून, कुठल्या नंबरवरून, कुठल्या आयपीवरून लॉगिन झालं, एवढं बऱ्याचदा मिळतं. मेसेजमधला मजकूर मागितला तर नाही. अमेरिकेच्या कायद्यानं तो परक्या सरकारला परस्पर देता येत नाही. तिथल्या कोर्टाचा आदेश लागतो.

मामा: आणि तो मिळवण्यासाठी आपला अमेरिकेशी करार आहे. २००१मध्ये सह्या झाल्या, २००५मध्ये अमलात आला. निरीक्षकाची मागणी वरवर चढत दिल्लीत गृह मंत्रालयात जाते, तिथून वॉशिंग्टनला, तिथून त्यांच्या सरकारी वकिलाकडे, तिथून न्यायाधीशाकडे, मग कंपनीकडे. आणि उत्तर त्याच पायऱ्या उतरत परत.

वहिनी: तेवढ्यात लॉग पुसले जातात. आपले नियमही कंपनीला हटवलेली माहिती १८० दिवसच जपायला सांगतात.

मामा: म्हणूनच म्हणतो, गल्लीतल्या उपायांनी भागत नाही. २०१८मध्ये अमेरिकेनं क्लाउड ॲक्ट केला. त्याखाली ज्या देशाशी करार होईल, त्याचे पोलीस गंभीर गुन्ह्यात थेट कंपनीकडे मागणी करू शकतात. ब्रिटनचा करार २०२२मध्ये लागू झाला, ऑस्ट्रेलियाचा २०२४मध्ये. आपला नाही. म्हणजे गंमत बघा, तीच मुलगी, तेच खातं. मेलबर्नच्या पोलिसांना सरळ वाट मोकळी, आणि मानपाड्याच्या निरीक्षकाला दिल्ली-वॉशिंग्टनमार्गे वळसा!

मुलीच्या वडिलांनी इथं विचारलं, की मग जगाचा मिळून एक कायदा का करत नाहीत. साधा प्रश्न, पण मामा खुर्चीत पुढे सरकले. सायबर गुन्ह्यांवरचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार बुडापेस्टचा, २००१चा. भारत त्यात नाही. आपल्याला न विचारता लिहिलेल्या करारावर सही कशाला, ही आपली जुनी भूमिका. मग संयुक्त राष्ट्रांनी स्वतःचा करार लिहायला घेतला. २४ डिसेंबर २०२४ला आमसभेनं तो स्वीकारला, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये व्हिएतनाममध्ये हनोईला सह्या सुरू झाल्या. ४० देशांनी रीतसर मान्यता दिली की तो लागू होईल. संमतीशिवाय खासगी फोटो पसरवणं हा त्यात स्वतंत्र गुन्हा धरला आहे.

मामा: आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे करारात नावानिशी दिलेल्या गुन्ह्यांपुरतंच सहकार्य नाही. कुठल्याही ‘गंभीर गुन्ह्या’च्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी देशांनी एकमेकांना मदत करायची. गंभीर म्हणजे ज्याची कमाल शिक्षा चार वर्षं किंवा त्याहून जास्त आहे असा.

वहिनी: पाठलागाला आपल्याकडे किती?

मामा: २०१३मध्ये निर्भया प्रकरणानंतर दंड संहितेत ३५४-ड आलं, आता न्याय संहितेचं कलम ७८. इंटरनेटवरचा पाठलागही त्यात येतो. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत. दुसऱ्यांदा पाच.

वहिनी: म्हणजे पहिल्या खेपेला तुमचा करारही कामाचा नाही. जगाची मदत हवी तर एकदा दोषी ठरून पुन्हा छळ करणारा माणूस हवा.

मामा: म्हणून तर शिक्षा वाढवा म्हणतो! तीनाचे चार करा. एका आकड्याचा प्रश्न आहे.

आणि वाद इथं पेटला. वहिनी मूळची पालघरची, हे सांगायचं राहिलं.

वहिनी: २०१२ आठवतं का मामा? पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. बाळासाहेब गेले, मुंबई बंद झाली, आणि आमच्या गावातल्या एका मुलीनं फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, की बंद कशासाठी. दुसरीनं लाइक केलं. दोघींना अटक! काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली ती वेगळीच. कलम कुठलं लावलं होतं? आयटी ॲक्टचं ६६-अ. लोकांना ऑनलाइन त्रासापासून वाचवायचंच कलम ते. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. त्या मुलींना छळणाऱ्यांवर नाही, मुलींवरच लागलं.

मामा: आणि २४ मार्च २०१५ला सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं. श्रेया सिंघल खटला. मीही तेव्हा ६६-अच्या विरोधातच बोलत होतो, घरात विचार कुणालाही. पण त्या कलमाची खोट शिक्षेत नव्हती, शब्दांत होती. ‘उपद्रव’, ‘गैरसोय’ म्हणजे काय, कुणीही काहीही म्हणावं. पाठलागाचं तसं नाही. बाईनं स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हापुन्हा संपर्क, तिच्या इंटरनेट वापरावर नजर. व्याख्या नेमकी आहे.

वहिनी: रद्द झाल्यावरही किती ठाण्यांत ते कलम लावत होते, हे २०२१मध्ये कळल्यावर सुप्रीम कोर्टच अवाक झालं होतं. पण तो मुद्दा सोडते. तुम्ही चारचा आकडा केलात की वाट उघडेल ती फक्त या मुलीसाठी नाही. चार वर्षांची शिक्षा प्रत्येक देश आपापल्या मर्जीनं कशालाही ठेवतो. राजाची निंदा, धर्माची निंदा, सरकारविरोधी लेखन. त्या सगळ्यासाठीची मागणीही त्याच वाटेनं येणार. मेलबर्नच्या मुलीला छळणाऱ्याची माहिती जशी मागता येईल, तशी परदेशात पळून गेलेल्या पत्रकाराचीही.

मामा: करारात नकाराचा हक्क आहे. राजकीय छळ वाटला तर नाही म्हणा.

वहिनी: कोण म्हणणार नाही? कंपनीतला माझ्यासारखा रात्रपाळीचा माणूस?

व्याख्येच्या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूनं आहे. ६६-अचा धाक दाखवून पाठलागाच्या कलमाला नावं ठेवणं बरोबर नाही. पण वाट एकदा बांधली की तिच्यावरून कोण चालणार हे बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही, हे वहिनीचं म्हणणं मला खोडता आलं नाही. मामांनाही नाही. ते ऑस्ट्रेलियाकडे वळले, आणि तिथंही त्यांना हवं ते सापडलं नाही. एप्रिल २०२४मध्ये सिडनीच्या एका चर्चमध्ये पाद्र्यावर चाकूहल्ला झाला. त्याचा व्हिडिओ जगभरातून काढा, असं ई-सेफ्टी कमिशनरनं एक्स कंपनीला बजावलं. कंपनीनं ऑस्ट्रेलियापुरता झाकला, जगापुरता नाही. कोर्टानं मनाई पुढे चालू ठेवायला मे महिन्यात नकार दिला आणि जूनमध्ये कमिशनरनं दावाच मागे घेतला. ज्या कार्यालयाचं वहिनी कौतुक करते, त्याचा हातही किनाऱ्याशी थांबतो. वहिनीला यात काही वावगं वाटलं नाही. कॅनबेराला जगभरातून पोस्ट काढता आली तर उद्या कुणालाही येईल, असं तिचं मत.

मामांनी शेवटचं मोठं उदाहरण काढलं ते कॅनडाचं. अमांडा टॉड. ब्रिटिश कोलंबियातली शाळकरी मुलगी, १५ वर्षांची, १० ऑक्टोबर २०१२ला गेली. तिला वर्षानुवर्षं धमकावणारा माणूस निघाला नेदरलँड्समधला.

मामा: सापडला की नाही? आधी त्याच्याच देशात इतर मुलींच्या छळाबद्दल शिक्षा झाली, मग कॅनडाच्या हवाली केला, २०२२मध्ये १३ वर्षांची शिक्षा झाली. सीमा आड आली नाही.

वहिनी: हवाली कधी केला?

मामा: २०२०च्या डिसेंबरात.

वहिनी: आठ वर्षं. आणि शिक्षा भोगायला मायदेशी नेल्यावर तिथल्या कोर्टानं १३ची सहा केली, तेही सांगा. मुलगी गेली, आईनं दहा वर्षं देशभर फिरून प्रकरण जागं ठेवलं, दोन श्रीमंत देशांची पोलीस खाती एकत्र आली, तेव्हा कुठं एक माणूस सापडला. हे उदाहरण या मुलीच्या आईला देऊ नका.

आई तिथंच बसली होती. मामा गप्प झाले.

मला मात्र त्या प्रकरणाचं वेगळंच काहीतरी खटकत होतं. तसला अनोळखी परदेशी माणूस असतो, नाही असं नाही. म्यानमार, कंबोडियातल्या कोंडवाड्यांतून धमक्यांचे फोन येतात, आणि तिकडून बोलणारा कधी आपल्यातलाच, नोकरीच्या आमिषानं नेऊन डांबलेला पोरगा असतो. एप्रिल २०२५मध्ये महाराष्ट्र सायबरनं म्यानमारमधून साठहून अधिक भारतीयांना सोडवून आणलं. पण ते पैशांसाठी. एका ठरावीक मुलीच्या मागे लागणारा माणूस बहुधा तिला ओळखणारा असतो. महाराष्ट्रात सायबर पाठलागाची पहिली शिक्षा २०१५मध्ये मुंबईच्या कोर्टात झाली. अश्लील मेल पाठवणारा दूरदेशीचा कुणी नव्हता, पीडितेसोबत काम करणारा, नकार मिळालेला सहकारी होता. आणि डोंबिवलीकरांना सप्टेंबर २०२१ विसरता येत नाही. मानपाडा पोलीस ठाण्यात नोंदलेल्या त्या भयंकर प्रकरणात एका अल्पवयीन मुलीवर महिनोन्महिने ज्या व्हिडिओच्या धाकानं अत्याचार झाले, तो काढणारा तिच्या ओळखीचाच होता. मला दिसतं ते एवढंच, की अशा प्रकरणांत सीमा ओलांडून गेलेला असतो तो पुरावा. माणूस इथंच असतो, रोज आठ-सहाची फास्ट पकडणारा.

मी हे म्हणालो तेव्हा वहिनी फोटोंकडेच बघत होती. मॉर्फ केलेले नव्हे, साधे, फडके रोडवरचे.

वहिनी: हे फोटो तिनं कधी कुठं टाकले होते?

आई म्हणाली, टाकलेच नव्हते. मुलीचं खातं कुलूपबंद आहे आणि त्यात हे नाहीत. मेलबर्नला व्हिडिओ कॉल लावला. मुलीनं फोटो पाहिले आणि लगेच म्हणाली, हे फक्त कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर गेले होते. त्यातही कडेला उभ्या मैत्रिणीचा हात कापलेला हा फोटो त्या मैत्रिणीनं नंतर, अगदी थोड्या जणांना पाठवला होता.

कॅलिफोर्नियाला एक पत्रही न धाडता यादी डोंबिवलीतल्या मूठभर मुलांवर आली.

मामांचा उत्साह परतला. आता तपासी अधिकाऱ्याला दिशा आहे, म्हणाले. कंपनीकडून आयपी मिळाला तर दुधात साखर, न मिळाला तरी फोन जप्त करता येतील. मुलीला त्यांनी पहिली ताकीद दिली ती जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नकोस अशी. कारणही सांगितलं: आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा वाद, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सुप्रीम कोर्टात गेला आणि २०२०मध्ये ठरलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच मालकानं कोर्टात आणून दाखवलं तर मात्र प्रमाणपत्राची गरज नाही. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३मधल्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही (तिचा डिजिटल ठसा) लिहावी लागते, म्हणजे एक अक्षर जरी बदललं तरी पकडलं जाईल.

वहिनी हसली. तिनं मुलीला नुकतंच स्टॉप-एनसीआयआयचं संकेतस्थळ सांगितलं होतं. तिथं फोटो पाठवायचा नसतो. तो फोनमध्येच राहतो आणि त्याची हॅश तेवढी कंपन्यांकडे जाते. तोच फोटो पुन्हा कुणी चढवायला गेला तर ओळखला जातो. जपणाऱ्याचं आणि पुसणाऱ्याचं गणित एकच निघालं, पण म्हणून तंटा मिटला नाही.

मामा: आज काही हटवू नका. आधी पोलिसांना जसंच्या तसं बघू दे. लिंक, तारीख, वेळ, सगळं नोंदवू दे.

वहिनी: कंपनी हटवल्यावरही जपून ठेवते, १८० दिवस.

मामा: ठेवते असं नियम म्हणतो. मला नियम नको, वस्तू हवी.

वहिनी: आणि तिला आजची झोप हवी.

दोघंही आईवडिलांकडे बघत होते. मुलगी अजून कॉलवर होती, आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं स्वतःच सांगितलं: मॉर्फ केलेले दोन फोटो आत्ता जाऊ देत, त्यांचे स्क्रीनशॉट लिंक आणि वेळेसकट माझ्याकडे आहेत. खातं आणि बाकीचं एफआयआर होईपर्यंत राहू दे. तेवढं मी सोसेन.

मग तिनं मामांना विचारलं, एफआयआरमध्ये माझं नाव येईल का.

मामांनी सांगितलं ते तिच्या आईला आवडलं नाही. पीडितेचं नाव उघड करायला बंदी आहे ती बलात्काराच्या कलमांत, न्याय संहितेच्या ७२प्रमाणे. पाठलागाच्या कलमाला तसं कवच नाही. नाव येईल. मात्र सुप्रीम कोर्टाच्या २०१६च्या निकालाप्रमाणे संवेदनशील प्रकरणातला एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकू नये, असं सांगता येतं. तशी विनंती अर्जातच लिहायची.

“मग ती पहिल्या ओळीत लिहा,” मुलगी म्हणाली. मामांनी चष्मा चढवला आणि वहिनीकडे कागद मागितला.